एक संगणक, तीन कळफलक

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हाला शाळेच्या इतिहासावर लिहावयास सांगितले. आम्ही इतिहासाचे शिक्षक, म्हणून ही अपेक्षा स्वाभाविक होती. परंतु शाळेची स्थापना, संस्थापकांनी गावोगाव फिरून गोळा केलेली धान्याची पोती, पहिल्या वसतिगृहाची टिनाची खोली, यांविषयी आमच्याहून अधिकारी मंडळी या अंकात लिहीत आहेत. आम्ही लिहिणार आहोत ते कार्यालयाशेजारच्या लहान खोलीतील एका संगणकाविषयी. विषय क्षुल्लक वाटेल. मात्र त्या संगणकापाशी आमच्या हातून एक चूक घडली. ती निस्तरताना जे कळले ते या शाळेच्या इतिहासातच जमा व्हावे, असे आम्हाला वाटते.

ज्या माजी विद्यार्थ्यांनी ती खोली पाहिली असेल त्यांना आठवेल की तेथे एकच संगणक होता आणि त्याचे मानकरी अनेक होते. सकाळी कार्यालयाचे काम, दुपारी शिक्षकांच्या प्रश्नपत्रिका, सायंकाळच्या वंदनेनंतर वसतिगृहातील मुले. खुर्ची एकच असल्यामुळे एकाने उठायचे आणि दुसऱ्याने बसायचे. भांडण खुर्चीवरून कधीच झाले नाही. भांडण झाले ते कळफलकाच्या मांडणीवरून.

ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८७ साली बारावीची परीक्षा देऊन आम्ही घरी आलो, तेव्हा वडिलांनी आम्हाला अकोल्यास मामांकडे पाठविले. वडील जिनिंगमध्ये हमाली करीत. ते म्हणाले, "शिकनं तं होतच राहीन, पन पयले टायपिंग करून घे. आपल्या मानसाले हापिसात बसाले तेच एक दार हाये." त्या काळी वऱ्हाडातील आपल्या वस्त्यांमधून हे वाक्य घरोघरी ऐकू येई. मराठी टंकलेखन तीस शब्द प्रति मिनिट, इंग्रजी चाळीस, ही शासकीय वाणिज्य प्रमाणपत्रे हाती असली की लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी अर्ज करता येई. शेतमजुराच्या मुलाला जमीन मिळणे कठीण होते, दुकान थाटणे त्याहून कठीण. दहा बोटे मात्र त्याची स्वतःची होती.

अकोल्याच्या मे महिन्यात, टिनाच्या छपराखाली, वीस-पंचवीस यंत्रांच्या खडखडाटात आम्ही मराठीची रेमिंग्टन मांडणी शिकलो. रेमिंग्टन ही मूळची अमेरिकन कंपनी. बंदुका आणि शिवणयंत्रे बनविणाऱ्या या कारखान्याने १८७४ च्या सुमारास टंकलेखन यंत्र बाजारात आणले आणि त्याचे नाव पुढे देवनागरीच्या एका मांडणीलाच चिकटले. आमच्यासमोरची यंत्रे बहुतेक गोदरेजची होती, पण मांडणी रेमिंग्टनची म्हणूनच ओळखली जाई.

या मांडणीचे मर्म असे की यंत्राला अक्षराचा उच्चार ठाऊक नसतो, त्याला केवळ ठसा उमटविता येतो. कागदावर डावीकडून उजवीकडे जे जसे दिसते, ते त्याच क्रमाने ठोकावे लागते. 'वि' लिहावयाचा असेल तर पहिली वेलांटी आधी आणि 'व' नंतर. पहिलीच्या वर्गात गुरुजींनी शिकविलेले "व ला पहिली वेलांटी वि" येथे उलटे करावे लागे. 'भ' ही तर एका ठशात उमटणारी वस्तूच नव्हती. आधी अर्धा भ ठोकायचा, मग त्याला काना जोडायचा. प्रथम हे सारे चमत्कारिक वाटते. तीन महिन्यांनी विचार थांबतो आणि बोटेच जाणू लागतात. आम्ही प्रमाणपत्र मिळविले. पुढे अमरावतीस इतिहासात एम.ए. केले, शिक्षक झालो, आणि रेमिंग्टन मांडणी हळूहळू आमच्या बोटांतून निघून गेली. आमच्या बरोबरीच्या अनेकांची मात्र तिने आयुष्यभराची भाकरी केली.

आपल्या शाळेचे लिपिक हे त्यांपैकीच एक. सारे त्यांना बाबूजी म्हणत. तेही अकोल्याच्याच एका इन्स्टिट्यूटमध्ये घडलेले. त्यांच्या टेबलावर काचेखाली बाबासाहेबांचे छायाचित्र असे आणि त्याच्या शेजारी नानकचंद रत्तू यांचे. कोणी विचारले तर ते सांगत, की हे शासकीय नोकरी सांभाळून बाबासाहेबांचे लिखाण टंकलिखित करीत असत, आणि 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या बोटांखालून गेला आहे. बाबूजींना त्या छायाचित्रात आपल्या कामाचे मोल दिसत असे.

२००४ साली शाळेत संगणक आला. त्यात बाबूजींसाठी रेमिंग्टन मांडणीचा मराठी फॉन्ट बसविला गेला. २००६ हे धम्मदीक्षेचे पन्नासावे वर्ष. त्या दिवाळीच्या सुटीत आम्ही नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना एक काम दिले. आपापल्या गावातील वृद्धांना भेटा, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास कोण गेले होते ते शोधा, आणि ते जसे बोलतील तसेच लिहून आणा. मुलांनी एकतीस आठवणी आणल्या. दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर, अचलपूर अशा तालुक्यांतील गावांच्या त्या होत्या. कोणी बडनेऱ्यास चालत जाऊन रेल्वे पकडलेली, कोणी पांढऱ्या लुगड्यासाठी कापूस वेचाईचे पैसे राखून ठेवलेले. एका आजोबांनी तर त्याहून मागची गोष्ट सांगितली होती. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडच्या अस्पृश्य परिषदेचे अधिवेशन भरले, तेव्हा त्यांचे वडील दाराशी उभे राहून ऐकत होते. बाबूजींनी भारनियमनाच्या वेळा सांभाळून, रोज सायंकाळी थोडे थोडे करीत, त्या एकतीसही आठवणी संगणकावर उतरविल्या. मुलांच्या वह्या पुढे एका पावसाळ्यात गळक्या कपाटात भिजून गेल्या. मजकूर संगणकात आहे, म्हणून आम्हाला कोणालाच त्याची चिंता वाटली नाही.

पुढील काही वर्षांत आम्ही इन्स्क्रिप्ट शिकलो आणि तिच्या प्रेमात पडलो, असे म्हटले तरी चालेल. ही मांडणी १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण म्हणून पुढे आणली. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला येतात. मधल्या ओळीत क, च, ट, त, प ही कठोर व्यंजने आहेत. त्यांच्या वरच्या ओळीत ग, ज, ड, द, ब ही त्यांची मृदू भावंडे आहेत. शिफ्ट दाबले की त्याच कळांवर ख, छ, ठ, थ, फ आणि घ, झ, ढ, ध, भ हे महाप्राण मिळतात. ज्याला वर्णमाला येते त्याला अर्धी मांडणी आधीच येत असते. शिवाय 'क' ज्या कळीवर देवनागरीत आहे, त्याच कळीवर तो बंगालीत, तेलुगूत आणि गुरुमुखीतही आहे. आणि येथे 'वि' लिहिताना 'व' आधी व वेलांटी नंतर येते, अगदी पहिलीच्या वर्गातल्यासारखी. पाचवीची मुले महिन्याभरात न पाहता लिहू लागत. आम्हाला वाटले, हाच खरा मार्ग.

तोवर तिसरी मांडणीही शाळेत शिरली होती. तरुण शिक्षक आणि मोबाइल हाताळलेली मुले रोमन अक्षरांत उच्चार लिहीत आणि संगणक त्याचे मराठी करून देई. 'धम्म' लिहावयास आम्हाला इन्स्क्रिप्टमध्ये चार कळा लागत: ध, म, हलन्त, म. बाबूजींनाही चारच लागत, पण निराळ्या: अर्धा ध, काना, अर्धा म आणि पूर्ण म. या तरुण मंडळींना डी, एच, ए, एम, एम, ए अशा सहा लागत. तरीही शिकण्याचे कष्ट नाहीत म्हणून ते खूश असत.

एका खुर्चीवर तीन तऱ्हांची बोटे बसू लागली तेव्हा गोंधळ अटळ होता. बाबूजींची मांडणी एका कळीने चालू-बंद होई, आमची ऑल्ट आणि शिफ्ट दाबून. जो उठे तो आपली मांडणी तशीच चालू ठेवून जाई. आम्ही 'क' ची कळ दाबावी आणि पडद्यावर काना उमटावा, कारण रेमिंग्टनमध्ये त्या कळीवर काना असतो. दोन्ही एकदम चालू राहिल्या की जे उमटे ते कोणत्याच भाषेतले नसे. गंमत अशी की काही कळा दोन्ही मांडण्यांत सारख्याच आहेत. 'र' एकाच कळीवर, मात्रा एकाच कळीवर, पहिली वेलांटीही एकाच कळीवर. पण एकीत ती अक्षराआधी आणि दुसरीत अक्षरानंतर येत असल्यामुळे, तेवढ्या साम्याने फसगतच अधिक होई. एकदा एका मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नावाची वेलांटी भलत्याच अक्षरावर गेली. दर्यापूरकडील त्याचे वडील दाखला घेऊन एस.टी.त बसल्यावर ते लक्षात आले. त्यांना दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून पुन्हा यावे लागले.

या प्रसंगानंतर, जून २०१३ मध्ये, नवा संगणक आला तेव्हा आम्ही सूचना वहीत लिहिले: "यापुढे शाळेच्या संगणकावर सर्वांनी इन्स्क्रिप्ट मांडणीच वापरावी. अन्य मांडण्या काढून टाकण्यात आल्या आहेत." संगणकाची जबाबदारी मुख्याध्यापकांनी आमच्याकडे दिली होती आणि हा निर्णय सर्वस्वी आमचा होता. एक प्रमाण, सर्वांना समान, असे त्याचे समर्थन आम्ही मनाशी केले होते. बाबूजींनी वही वाचली, सही केली आणि काहीच बोलले नाहीत. निवृत्तीला त्यांना दीड वर्ष उरले होते. त्यानंतर ते पत्रे हाताने लिहून देत आणि एखादा शिक्षक ती टंकित करी. तासाला आठ पत्रे काढणारा माणूस खुर्चीच्या मागे उभा राहून दुसऱ्याची बोटे पाहू लागला. आम्ही ते पाहिले आणि 'वयामुळे नवे शिकवत नाही' असा त्याचा अर्थ लावला.

आणखी एक व्यक्ती होती, ती आमच्या लक्षातच आली नाही. स्वयंपाकघरातील मावशींची मुलगी आपल्याच शाळेतून दहावी झाली होती. ती महाविद्यालयात जात असे आणि सायंकाळी आईला मदत करावयास येई. शहरातील इन्स्टिट्यूटमध्ये तिला रोज एक तास यंत्र मिळे. परीक्षा तेव्हा अजून यंत्रावरच होत असे. तेवढ्या तासाने वेग येईना, म्हणून बाबूजी तिला रात्री अर्धा तास आपल्या संगणकावर बसू देत. कळा हलक्या होत्या, पण बोटांच्या जागा त्याच. आमच्या सूचनेनंतर तिचा तो अर्धा तास गेला. दोन-तीन दिवस ती इन्स्क्रिप्टवर बसून पाहत होती. आम्ही कौतुकाने म्हणालो, "जमेल हळूहळू." ती म्हणाली, "सर, मले नाई जमत इथं. म्हाये बोटं दुसरीकडेच जातेत." आम्ही तिला 'क' आणि 'ख' एकाच कळीवर असण्यातील सोय समजावून सांगितली. तिने मान हलविली आणि पुन्हा ती त्या खोलीत आली नाही. त्या सत्रात तिची परीक्षा गेली. तीस शब्दांना ती थोडक्यात कमी पडली. हे आम्हाला मावशींकडून फार उशिरा समजले.

२०१६ मध्ये धम्मदीक्षेला साठ वर्षे होत होती. त्या एकतीस आठवणी पुस्तिकारूपाने छापाव्यात असे ठरले. जुन्या संगणकातून उतरवून ठेवलेल्या फाइली आम्ही उघडल्या आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा ढिगारा पसरला. शब्द नव्हते, अर्थ नव्हता. एक मुलगा म्हणाला, "सर, इथं 'फॉग' लिहिलं हाये, म्हंजे धुकं." खरोखर दुसरे काही वाचता येत नव्हते. आम्ही हिशेब केला. ज्या एकतीस वृद्धांनी त्या आठवणी सांगितल्या, त्यांपैकी बावीस जण तोवर निवर्तले होते. वह्या भिजून गेल्या होत्या. इतिहासाच्या शिक्षकाला कागद गमावण्याचे दुःख ठाऊक असते, परंतु हा कागद आमच्याच निष्काळजीपणाने गेला होता.

बाबूजी तेव्हा निवृत्त होऊन अकोल्यास राहत होते. आम्ही संकोचाने फोन केला. दुसऱ्याच दिवशी ते आले. चष्मा पुसून त्यांनी पडद्याकडे पाहिले. मग दोन्ही हात टेबलाच्या लाकडावर ठेवले आणि पडद्यावरील अक्षरे वाचत वाचत, जणू समोर कळफलक आहे अशी बोटे हलवू लागले. पडद्यावर एफ, ओ, जी, के, जे होते. त्यांची बोटे लाकडावर पाच वेळा आपटली आणि ते म्हणाले, "विहार." एच, के, एच, ई: "भीम." सी, क्यू आणि एक बंद कंस: "बुद्ध." यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे: "नागपूर." खोलीत कोणी बोलत नव्हते. असे करीत त्यांनी एका आजीची पहिली चार वाक्ये लाकडावर बोटे आपटून वाचून दाखविली. मग म्हणाले, "सर, मजकूर कुठी गेला नाई. फॉन्ट गेला फक्त."

त्या वेळी उमगलेली गोष्ट आम्ही थोडक्यात सांगतो, कारण ज्यांच्या घरी अशा जुन्या फाइली असतील त्यांच्या ती उपयोगी पडेल. जुन्या फॉन्टमध्ये संगणक मराठी अक्षर साठवीतच नव्हता. तो रोमन अक्षरच साठवी. आपण एच दाबले की स्मरणात एच राही, आणि फॉन्ट त्या एच वर अर्ध्या भ चे चित्र चढवी. फॉन्ट गेला की चित्र गेले, खालचा रोमन सांगाडा उघडा पडला. म्हणजे मांडणी, फॉन्ट आणि मजकूर ही तिन्ही एकमेकांत बांधलेली होती. युनिकोडमध्ये तसे नाही. तेथे देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'भ' चा क्रमांक ०९२डी. तो इन्स्क्रिप्टने लिहा, रेमिंग्टनने लिहा, की रोमन उच्चारावरून लिहा, साठविला जातो तो ०९२डी च. विंडोजवर ज्या 'मंगल' फॉन्टमध्ये हे क्रमांक आपल्यापैकी बहुतेकांनी प्रथम अक्षररूपात पाहिले, तो आपल्याच र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला. ते कवी आणि सुलेखनकार होते. आता मुद्दा आमच्या ध्यानात आला. जतन करावयाची होती ती अक्षरे, आणि २०१३ साली आम्ही बंदी घातली ती बोटांवर. फाइली युनिकोडमध्ये आणण्याचे काम, जे त्याच दिवशी करावयास हवे होते, ते आम्ही केलेच नव्हते.

पुढचे काम दोन महिने चालले. जुना फॉन्ट पुन्हा बसविला तेव्हा मजकूर दिसू लागला. रूपांतर करणाऱ्या एका प्रणालीतून तो युनिकोडमध्ये आणला. परंतु अशा रूपांतरात आधी ठोकलेली वेलांटी अक्षरामागे न्यावी लागते आणि शेवटी ठोकलेला रफार आधी आणावा लागतो. जोडाक्षर आले की प्रणाली चुके. ओळीओळीला दुरुस्ती होती. बाबूजींनी विचारले, "मावशींच्या पोरीला बोलावू का?" ती तोवर अकोल्याच्या इन्स्टिट्यूटमधून परीक्षा उत्तीर्ण होऊन तेथील एका कार्यालयात लिपिक-टंकलेखक झाली होती. ती शनिवारी सायंकाळी येई आणि रविवारी दुपारच्या गाडीने परत जाई. आम्ही संगणकावर युनिकोडमध्येच लिहिणारी, पण रेमिंग्टनची मांडणी मानणारी सोय बसवून घेतली. ज्या खुर्चीवरून आम्ही त्या दोघांना उठविले होते, तेथेच ते आळीपाळीने बसू लागले. बिघडलेला शब्द पाहताच मूळ कोणत्या कळा पडल्या असतील, हे त्या दोघांनाच ओळखता येई. आमची इन्स्क्रिप्ट तेथे निरुपयोगी होती. आम्ही शेजारी बसून वाचून दाखविण्याचे काम केले.

एका तरुण शिक्षकाने वेळ वाचावा म्हणून काही पाने रोमन पद्धतीने नव्याने लिहून पाहिली. त्यातून वेगळाच धोका दिसला. ती सोय उच्चारावरून अंदाज बांधते आणि तिचा अंदाज पुस्तकी मराठीकडे झुकतो. आजी म्हणाल्या होत्या, "म्हाया डोयाईले पानी आलं." आपल्या वऱ्हाडीत डोळ्याचा डोया होतो. टंकित पानात 'डोळ्यांना' झाले होते, 'मले' चे 'मला' झाले होते. वाक्य शुद्ध झाले आणि आजी त्यातून निघून गेल्या. त्या शिक्षकांनीच हे मान्य केले आणि ती पाने पुन्हा अक्षर अक्षर तपासून लिहिली. एरवी पत्रासाठी, निरोपासाठी ती सोय उत्तमच आहे, आणि ज्यांना दुसरी मांडणी येत नाही त्यांना तिने मराठी लिहिते केले, हे आम्ही नाकारत नाही.

काम संपले त्या रविवारी, दुपारच्या वंदनेनंतर, आम्ही मुलांसमोर आमची चूक सांगितली. आपल्या समाजाला शुद्धतेच्या नावाखाली विहिरीपासून, शाळेपासून, देवळापासून दूर ठेवले गेले, हे आम्ही तीस वर्षे वर्गात शिकवीत आलो. आणि एका संगणकाच्या खोलीत आम्हीच 'शुद्ध' मांडणी ठरवून दोघांना दूर केले. तुलना मोठी आहे, हे आम्ही जाणतो. कळफलक म्हणजे पाणवठा नव्हे. तरीही ज्याच्या हाती नियम असतो त्याला खुर्चीमागे उभा राहिलेला माणूस दिसत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. बाबूजी म्हणाले, "सर, झालं गेलं." मावशींच्या मुलीने मात्र तसे म्हटले नाही. ती म्हणाली, "सर, तवा एक डाव इचारलं असतं, तं म्या सांगतलं असतं." तिचे म्हणणे रास्त होते. आम्ही तिला विचारलेच नव्हते.

आज त्या खोलीत चार संगणक आहेत. प्रत्येकावर तिन्ही मांडण्या आहेत आणि प्रत्येक नियमित वापरणाऱ्याचे खाते वेगळे आहे. ज्याने आपल्या खात्यात प्रवेश केला त्याला त्याचीच मांडणी समोर मिळते. पाचवीपासून मुलांना आम्ही इन्स्क्रिप्टच शिकवितो, कारण नव्याने शिकणाऱ्यासाठी ती सोपी आहे, हे आमचे मत बदललेले नाही. ज्यांना टंकलेखनाची परीक्षा द्यावयाची आहे त्यांच्यासाठी सायंकाळी दोन संगणक राखून ठेवलेले असतात. ती परीक्षाही आता संगणकावर होते. भिंतीवर बाबूजींच्या हस्ताक्षरातील एक कागद लावला आहे. त्यावर रेमिंग्टनच्या कोणत्या कळीवर कोणते अक्षर, हे लिहिले आहे. खाली मुलांनी तीन सूचना लिहिल्या आहेत: बसण्यापूर्वी कोपऱ्यातील भाषेची खूण पाहा. उठताना खात्यातून बाहेर पडा. आणि कोणत्याही मांडणीने लिहा, पण युनिकोडमध्येच साठवा.

गोदरेजने टंकलेखन यंत्रांचे उत्पादन थांबविल्याची बातमी २०११ साली वर्तमानपत्रांत आली होती. आणखी काही वर्षांनी रेमिंग्टन मांडणी बोटांत असलेली माणसेही दुर्मीळ होतील. तोवर आपल्या वस्त्यांमधून, विहारांमधून, संघटनांच्या कार्यालयांतून जुन्या फॉन्टमधील जी इतिवृत्ते, निवेदने, आठवणी संगणकांत पडून आहेत, ती बाहेर काढावीत, अशी माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. फाइल उघडून इंग्रजी अक्षरांचा ढिगारा दिसला तर ती पुसून टाकू नका. ती शाळेत घेऊन या. बाबूजी आता थकले आहेत, पण त्यांच्याकडून शिकलेली चार मुले येथे आहेत.

त्या एकतीस आठवणींपैकी नऊ या स्मरणिकेच्या पुढील पानांवर छापल्या आहेत, सांगणाऱ्यांच्या वऱ्हाडी बोलीत, जशाच्या तशा. इंद्रभुवन थिएटरच्या दाराशी उभ्या राहिलेल्या त्या पित्याची आठवण त्यांत पहिली आहे.

जय भीम.